लाखोंचं सैन्य जेवलं काय?

इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्कसीस ग्रीसवर चालून गेला. वाटेत थ्रेसच्या किनाऱ्यावर डोरिस्कस इथे त्याने फौजेची मोजदाद केली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने तिची रीत लिहून ठेवली आहे. दहा हजार माणसं दाटीवाटीने उभी करायची, त्यांच्याभोवती रेघ मारायची, रेघेवर बेंबीपर्यंत येईल एवढी भिंत बांधायची आणि मग ते आवार पुन्हा पुन्हा भरायचं नि रिकामं करायचं. अशा मोजणीत पायदळ भरलं १७ लाख. घोडदळ, आरमार, युरोपात येऊन मिळालेल्या टोळ्या असं सगळं धरून लढणाऱ्यांचा आकडा तो २६,४१,६१० देतो. नोकरचाकर आणि धान्याच्या जहाजांवरची माणसं तेवढीच धरून एकूण ५२,८३,२२०.

एवढं सांगून झाल्यावर तो जे करतो ते मला फार मोलाचं वाटतं. तो दाण्यांचा हिशेब मांडतो. माणशी रोज एक खोइनिक्स गहू, म्हणजे आजच्या मापाने आठशे ग्रॅमच्या आसपास, एवढाच धरला तरी रोज १,१०,३४० मेडिम्नस (एक मेडिम्नस म्हणजे ४८ खोइनिक्स) गहू लागला असणार, असं तो लिहितो. (त्याचा भागाकार थोडा चुकला आहे; उत्तर १,१०,०६७ यायला हवं.) हे झाले सुमारे ४,४०० टन. दहा टनी ट्रक धरले तर रोज ४४०. फौजेने पाणी पिऊन नद्या आटवल्या याचं आपल्याला नवल वाटत नाही, एवढ्या माणसांना अन्न कसं पुरलं याचं वाटतं, अशा अर्थाचं तो म्हणतो. आणि त्याच ठिकाणी, शेवटच्या शिपायापर्यंत आकडा देणारा हा माणूस सांगून टाकतो की फौजेबरोबर भाकरी भाजणाऱ्या बायका किती होत्या आणि ओझ्याची जनावरं किती होती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

माझं म्हणणं या जागेपासून सुरू होतं. प्राचीन लढायांबद्दल आपण आज जसं बोलतो त्यात हेरोडोटसचे आकडे तेवढे शिल्लक आहेत, त्याचा प्रश्न मात्र गळून पडला आहे. शाळेतला धडा असो, गणेशोत्सवातलं व्याख्यान असो की मोबाइलवर फिरणारी चित्रफीत, युद्ध म्हटलं की दोन बाजूंची संख्या, सेनापतीचा डाव आणि निकाल, एवढ्यावर गोष्ट संपते. संख्या जितकी मोठी तितका पराक्रम मोठा, असा एक अलिखित नियमच झाला आहे. हे बदलायला हवं. कोणत्याही प्राचीन फौजेचा आकडा धान्य, पाणी आणि वाट यांच्या हिशेबातून गेल्याशिवाय इतिहास म्हणून सांगू नये. या हिशेबाने फुगलेले आकडे खाली येतात, हा त्याचा लहान फायदा. मोठा फायदा असा की हा हिशेब मांडायला बसलं की शेतकरी, वाहक, दळणारी बाई, वेठीला धरलेला गावकरी असे सगळे समोर येतात. त्यांच्यावाचून एकही मोहीम चौथ्या दिवसापुढे गेली नसती.

हिशेब अवघड नाही. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की रोमन पायदळातल्या शिपायाला महिन्याला सुमारे दोन तृतीयांश मेडिम्नस गहू मिळे. म्हणजे दिवसाला साधारण नऊशे ग्रॅम. आपण सोपं जावं म्हणून किलोभर धरू. एक लाख माणसांना रोज शंभर टन धान्य लागेल. आता पाचशे वस्तीचं एक गाव घ्या आणि माणशी वर्षाला दोनशे किलो धान्य धरा. त्या गावाची वर्षाची गरज होते शंभर टन. म्हणजे एक लाखाची फौज एका दिवसात एका गावाचं वर्ष खाते. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव लागतं. यात घोडे धरलेलेच नाहीत. कामावरच्या घोड्याला रोज चार-पाच किलो दाणा आणि तेवढी तरी वैरण लागते, शिवाय पंचवीस-तीस लिटर पाणी. दहा हजार घोड्यांचा नुसता दाणा चाळीस-पन्नास टन होतो.

गावात धान्य नसेल तर ते वाहून न्यायचं, आणि इथेच खरी अडचण सुरू होते. खेचरावर शंभर किलोच्या आसपास ओझं चढतं. वाटेत चराई नसेल तर तेच खेचर दाणा-वैरण मिळून दिवसाला आठ किलो खातं. सहा दिवस गेलं की त्याने अर्धं ओझं संपवलेलं असतं, आणि परत यायचं तर उरलेलं अर्धं त्यालाच लागतं. म्हणजे उजाड मुलखात सहा दिवसांच्या वाटेपलीकडे परत येणारं खेचर जवळजवळ काहीच पोचवू शकत नाही. खेचरांची संख्या दुप्पट केली तरी हे अंतर वाढत नाही, कारण तोंडंही दुप्पट होतात. बैलगाडीवर ओझं जास्त जातं, पण ती फार हळू चालते आणि तिला रस्ता लागतो. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०१ मध्ये काढलेल्या दरपत्रकावरून इतिहासकारांनी काढलेला निष्कर्ष असा की गाडीभर गहू खुष्कीने तीनशे मैल नेला तर त्याची किंमत दुप्पट होई. समुद्राची गोष्ट वेगळी. शंभर टनांचं जहाज हजार खेचरांचं ओझं एकट्याने नेतं आणि त्यावरचे मोजके खलाशी सोडले तर वाटेत कुणी त्यातलं खात नाही.

झर्कसीसच्या माणसांना हे सगळं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांची तयारी वाचताना मन थक्क होतं. स्वारीच्या आधी काही वर्षं ते कामाला लागले होते. थ्रेसच्या किनाऱ्यावर ल्यूके आक्ते, तिरोदिझा, डोरिस्कस, स्ट्रायमॉन नदीच्या मुखाशी आयॉन आणि पुढे मॅसिडोनिया, अशा टप्प्यांवर आशियातून धान्य आणून कोठारं भरली. आधीच्या स्वारीत अ‍ॅथॉसच्या भूशिराशी वादळात आरमार बुडालं होतं, म्हणून त्या भूशिराच्या मानेतून सुमारे दोन किलोमीटरचा कालवा खणला. त्याच्या खुणा अलीकडच्या भूभौतिक पाहणीत सापडल्या आहेत. आशिया आणि युरोप यांच्यामधल्या हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर जहाजं एकमेकांना बांधून दोन पूल केले, एकाला ३६० जहाजं, दुसऱ्याला ३१४. यातला तपशील बघा: एका पुलावरून पायदळ आणि घोडदळ गेलं, दुसऱ्यावरून ओझ्याची जनावरं आणि नोकरवर्ग. रसदीला स्वतंत्र पूल होता. हेरोडोटसच्या एकूण आकड्यापेक्षा ही एक ओळ मला इराणी साम्राज्याच्या ताकदीबद्दल जास्त सांगते.

सम्राटाचा काका आर्टाबानस याने निघताना इशारा दिला होता. तुझे सर्वांत मोठे शत्रू दोन आहेत, तो म्हणाला, समुद्र आणि जमीन. वादळात एवढं आरमार सामावून घेईल असं बंदर कुठेच नाही. आणि जमीन तू जितका पुढे जाशील तितकी वैरी होईल, कारण अंतर वाढेल तशी उपासमार वाढेल. झर्कसीसचं उत्तरही तितकंच स्पष्ट होतं. आपण बरोबर भरपूर धान्य नेतो आहोत, आणि जिथे जाऊ तिथलं धान्य आपलंच होईल, कारण आपण भटक्यांवर चालून जात नाही, शेती करणाऱ्यांवर जातो आहोत. त्या सामुद्रधुनीच्या काठी अबायडॉस इथे काळ्या समुद्राकडून धान्य घेऊन एजिना आणि पेलोपोनीजकडे जाणारी गलबतं दिसली तेव्हा त्याने ती अडवू दिली नाहीत. आपणही तिकडेच निघालो आहोत, ती आपलंच धान्य पोचवत आहेत, असं त्याचं म्हणणं.

शेती करणाऱ्यांवर जातो आहोत, या उत्तराचा अर्थ त्या शेतकऱ्यांच्या बाजूने काय होता? वाटेवरच्या गावांना सम्राटाच्या जेवणाचा हुकूम बराच आधी जाई. मग गावकरी धान्य आपापसांत वाटून घेत आणि महिनोन् महिने गहू नि जवाचं पीठ दळत बसत. उत्तम जनावरं विकत घेऊन पोसत, पिंजऱ्यांत कोंबड्या-बदकं ठेवत, राजा आणि त्याच्या पंगतीसाठी सोन्याचांदीची भांडी घडवत. फौज रात्री जेवे आणि सकाळी तंबूसकट हलवता येईल ते सगळं घेऊन पुढे जाई. थासोस बेटाने मुख्य भूमीवरच्या आपल्या गावांतर्फे दिलेल्या एका जेवणाचा खर्च ४०० टॅलंट चांदी झाला, म्हणजे दहा टनांच्या घरात. अब्डेराच्या मेगाक्रिऑनने आपल्या गावकऱ्यांना सल्ला दिला की बायकामुलांसह देवळात जा आणि आभार माना, की या राजाला दिवसातून दोनदा जेवायची सवय नाही. हे वाक्य विनोद म्हणून सांगितलं जातं. मला त्यात महिनोन् महिने जात्याशी बसलेल्या बायकांचे हात दिसतात. ही गावं शत्रूची नव्हती, हे लक्षात घ्यावं. ती झर्कसीसच्या ताब्यातली, त्याच्या बाजूची होती.

पुढे काय झालं तेही रसदीच्या अंगाने वाचलं तर वेगळं दिसतं. सेपियास भूशिराजवळच्या वादळात चारशे लढाऊ जहाजं गेली असं हेरोडोटस सांगतो, आणि धान्य वाहणारी किती गेली याची गणतीच नाही म्हणतो. त्यानंतर अथेन्सजवळ सॅलॅमिसच्या लढाईत आरमार हरलं. आपण सॅलॅमिस वाचतो ते चिंचोळ्या खाडीतल्या डावपेचांसाठी. पण तिथे इराणची जमिनीवरची फौज हरलेली नव्हती, ती शाबूत होती. गेला होता तो समुद्र, आणि समुद्राबरोबर गेली ती एवढ्या लोकांना पोसायची एकमेव स्वस्त वाट. म्हणून सम्राट परतला आणि त्याचा सेनापती मार्डोनियस उरलेल्या फौजेसह हिवाळ्यासाठी थेसलीच्या धान्याच्या मुलखात मागे सरला. परतीच्या ४५ दिवसांत सम्राटाबरोबरच्या सैन्याने वाटेत मिळेल ते धान्य खाल्लं, ते मिळेना तेव्हा गवत, झाडांच्या साली आणि पाला खाल्ला, आणि रोगराई नि हगवणीने माणसं मेली. जाताना याच वाटेवरच्या गावांनी मेजवान्या दिल्या होत्या. एकदा खाऊन झालेली वाट दुसऱ्यांदा पोसत नाही.

पुढच्या वर्षी प्लॅटियाला तोच प्रसंग ग्रीकांवर आला. इराणी घोडदळाने किथेरॉनच्या खिंडीत पेलोपोनीजहून धान्य आणणारी पाचशे जनावरं पकडली, मग गार्गाफियाचा झरा बुजवला. ग्रीक फौज रात्री मागे सरकायला निघाली ती याच कारणाने, आणि त्या विस्कळीत माघारीतूनच निर्णायक लढाई पेटली. तिथे पाच हजार स्पार्टन योद्धे होते हे सगळे सांगतात. प्रत्येकामागे सात, असे ३५,००० हेलॉट त्यांच्याबरोबर आले होते, हे सांगणारे थोडे. हेलॉट म्हणजे स्पार्टाने जमिनीला जखडून ठेवलेले कष्टकरी.

मग झर्कसीसची फौज खरी किती होती? जर्मन इतिहासकार हान्स डेलब्रुकने साधा मुद्दा काढला. त्याच्या काळच्या जर्मन लष्कराच्या नियमांप्रमाणे तीस हजारांचं दल कूच करताना वीस-बावीस किलोमीटर वाट व्यापतं. त्या मापाने हेरोडोटसची फौज सुमारे तीन हजार किलोमीटर लांब झाली असती. तिचं टोक ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीला पोचलं तेव्हा शेपूट इराणात सुसा शहरातून नुकतं निघत असतं. पुढे ब्रिटिश सेनानी फ्रेडरिक मॉरिस याने हेलेस्पाँटचा तो प्रदेश स्वतः पाहिला, तिथलं पाणी किती जणांना पुरेल याचा अंदाज घेतला आणि १९३० मध्ये आकडा मांडला: सुमारे २,१०,००० माणसं आणि ७५,००० जनावरं. हासुद्धा जास्तच आहे असं मानणारे अभ्यासक आहेत. पण वाद आता दोन लाख की एक लाख की त्याहून कमी, असा आहे. पन्नास लाखांचा प्रश्न पाण्याने निकालात काढला.

यावर आपल्याकडे लगेच एक नाराजी उमटते. आकडा कमी केला की पूर्वजांना कमी लेखलं, असं वाटतं. मला नेमकं उलट वाटतं. पन्नास लाख माणसं आपोआप चालत आली ही गोष्ट ऐकायला भव्य आहे, पण त्यात कुणाचंच कर्तृत्व नाही. एक-दोन लाख माणसं, हजारो जनावरं आणि शेकडो जहाजं तीन खंडांतून गोळा करून, काही महिने उपाशी न ठेवता, दीड हजार किलोमीटरहून दूर नेणं हे अफाट काम आहे. त्यामागे हिशेबनीस होते, मुकादम होते, दोर वळणारे होते, कालवा खणणारे होते. आकडा खरा केला की काम दिसायला लागतं.

अलेक्झांडरने यातून धडा घेतला होता, किंवा त्याच्या बापाने. फिलिपने आपल्या फौजेत गाड्यांना बंदी केली, दहा पायदळ शिपायांमागे एकच नोकर ठेवला, तोही जाती आणि दोर वाहायला, आणि उन्हाळ्यातल्या कूचेत तीस दिवसांचं पीठ प्रत्येकाच्या खांद्यावर दिलं. इसवी सनापूर्वी ३३४ मध्ये अलेक्झांडर आशियात उतरला तो चाळीस हजारांच्या आसपास माणसं घेऊन. त्याचा वेग आपण त्याच्या धाडसाच्या खात्यावर जमा करतो. त्यातला बराचसा वाटा न घेतलेल्या गाड्यांचा होता.

आणि तोच अलेक्झांडर इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये गेड्रोशियाच्या, म्हणजे आजच्या मकरानच्या वाळवंटात अडकला. योजना बिनचूक होती. सिंधूच्या मुखाशी पाटल इथे फौजेसाठी चार महिन्यांचं धान्य जमवलं होतं. जमिनीवरची फौज किनाऱ्याने जाऊन विहिरी खणणार, आरमारासाठी धान्य ठेवणार, आणि आरमार फौजेला धरून राहणार. पण नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी त्याचा नौसेनापती नीआर्कस याचं आरमार अडवलं. आजच्या कराचीजवळच्या एका बंदरात ते २४ दिवस पडून होतं. तोपर्यंत फौज पुढे निघून गेली होती आणि दोघांची गाठ तुटली. इतिहासकार एरियनने पुढचं लिहून ठेवलं आहे. आरमारासाठी मोहोरबंद करून किनाऱ्याकडे पाठवलेल्या धान्याच्या मोहरा राखणदारांनीच फोडल्या आणि भुकेल्यांना वाटलं. राजाच्या मोहरेची भीती दूर होती, मरण जवळ होतं. अलेक्झांडरने त्यांना माफ केलं. शिपाई खेचरं मारून खात आणि ती तहानेने मेली असं सांगत, तो कानाडोळा करी. एका रात्री कोरड्या ओढ्यात मुक्काम पडला असताना वरच्या डोंगरातल्या पावसाचा लोंढा आला आणि तळामागून चालणाऱ्या बायकामुलांपैकी बहुतेकांना घेऊन गेला. पुरा शहरापर्यंतच्या या वाटेला साठ दिवस लागले. लढाई एकही मोठी झाली नाही. त्या बायकामुलांची नावं तर सोडाच, आकडाही कुणी दिलेला नाही.

मराठी वाचकाला खरं तर हे समजावून सांगावं लागू नये. पानिपतावर भाऊसाहेबांच्या तळाची कोंडी, १७६० च्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेल्यांचा मृत्यू, अंतर्वेदीतून येणाऱ्या रसदीची संपलेली आशा आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी पोटी बाहेर पडलेलं सैन्य, हे आपल्या घराघरात माहीत आहे. तळात लढणाऱ्यांबरोबर बुणगे आणि यात्रेकरूही होते, हेही आपण सांगतो. पण सांगताना त्यांच्यावर दोष ठेवतो, जणू त्यांनी सैन्याला जड केलं. त्यातले जे वैरण कापत होते, पाणी आणत होते, बैल हाकत होते, त्यांच्यावाचून तेच सैन्य नर्मदाही ओलांडू शकलं नसतं. प्राचीन युद्धं वाचताना आपली हीच सवय आड येते.

आपल्या परंपरेत या बाबतीत काही कमी नाही, उलट फार समृद्ध साधनं आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राचा काळ मौर्यांपासून इसवी सनाच्या पहिल्या शतकांपर्यंत वेगवेगळा मानला जातो. त्यातलं कूचेचं प्रकरण वाचावं. वाटेवरची गावं आणि रानं यांत वैरण, सरपण आणि पाणी किती मिळेल ते मोजून मुक्काम ठरवावेत. लागेल त्याच्या दुप्पट अन्नसामग्री वाहून न्यावी. ते जमत नसेल तर शिपायांकडेच ती द्यावी किंवा मधल्या टप्प्यांवर साठे करावेत. दिवसाला एक योजन ही कनिष्ठ चाल, दीड योजन मध्यम, दोन योजनं उत्तम. मार्गशीर्षात स्वारी केली तर शत्रूचा जुना साठा संपत आलेला असतो, नवा घरात आलेला नसतो, हेही त्यात आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करणाऱ्या आपल्या मुलखाला पाऊस आणि स्वारी यांचं नातं वेगळं शिकवायला नको.

याच ग्रंथात विष्टी, म्हणजे वेठीला धरलेले लोक, सैन्यात काय काय करतात त्याची यादी आहे: तळ, वाटा, बंधारे, विहिरी, उतार यांची साफसफाई आणि डागडुजी, यंत्रं, शस्त्रं, चिलखतं, अन्न यांची वाहतूक, रणातून जखमींना हलवणं. चतुरंग सेना म्हणून हत्ती, घोडा, रथ, पायदळ आपण पाठ करतो. ही यादी कुणी पाठ करून घेत नाही. कोष्ठागाराच्या अध्यक्षाने अर्धा साठा जनपदाच्या आपत्तीसाठी राखून ठेवावा आणि अर्धाच वापरावा, असाही दंडक त्यात आहे. राज्याला सैन्याचं पोट आणि प्रजेचं पोट एकाच कोठारातून भरायचं आहे, याची ही जाणीव मला सगळ्या व्यूहरचनांपेक्षा मोठी वाटते.

महाभारताच्या अठरा अक्षौहिणींचा विषय इथे टाळता येत नाही, कारण सर्वांत जास्त आकडे त्याचेच फिरतात. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. अठरांचा गुणाकार केला तर हत्ती होतात ३,९३,६६०. आज साऱ्या भारतात रानहत्ती तीस हजारांच्या आत आहेत. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा धरला तर नुसत्या हत्तींना रोज ५९,००० टन लागेल. कुरुक्षेत्राच्या परिसरात अठरा दिवस हे शक्य नव्हतं, हे सांगायला धाडस लागू नये. महाकाव्य स्वतःच सांगतं आहे की हे आकडे कसे घडले. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ यांची पत्ती, मग तीन-तीन पटींनी चढत अनीकिनी, तिची दसपट अक्षौहिणी. चारही आकड्यांतल्या अंकांची बेरीज अठरा येते. अठरा पर्वं, अठरा दिवस, अठरा अक्षौहिणी. हे कवीचं गणित आहे आणि कवितेत ते फार सुंदर आहे. ते जनगणना म्हणून छापणं हा त्या कवितेवरचा अन्याय आहे. आणि त्याच महाभारतात उद्योगपर्वात युधिष्ठिराने तळासाठी सपाट, चारा-सरपण मुबलक असलेली जागा निवडल्याचं वर्णन आहे, त्या तळात मध-तुपाचे साठे आहेत, कारागीर आहेत, वैद्य आहेत. व्यासांना हा प्रश्न पडला होता. उडुपीच्या राजाने दोन्ही सैन्यांना जेवू घातल्याची आणि रोजचा अंदाज कृष्णाने खाल्लेल्या शेंगदाण्यांवरून बांधल्याची लोककथा त्याच प्रश्नातून जन्मली असावी. शेंगदाणा अमेरिकेतून आला, युरोपीय लोकांबरोबर, तेव्हा ही कथा जुनी नाही. पण ती सांगणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर आहे.

मौर्यांचं उदाहरण थोडं वेगळं. रोमन लेखक प्लिनीने चंद्रगुप्ताचं पायदळ सहा लाख दिलं आहे. हा आकडा कदाचित वाढवलेला असेल, तरी तो झर्कसीसच्या आकड्यासारखा लगेच टाकून देता येत नाही. साम्राज्यभर विखुरलेल्या ठाण्यांमधले सगळे मिळून सहा लाख, ही एक गोष्ट. एका वाटेवर एका महिन्यात चालणारे सहा लाख, ही दुसरी. पहिली गोष्ट करवसुली आणि गावोगावच्या कोठारांच्या बळावर जमू शकते, आणि सोहगौराच्या ताम्रपटासारख्या लेखांत अशा कोष्ठागारांचा उल्लेख आहेच. दुसरी जमत नाही. आपले वक्ते पहिला आकडा घेतात आणि दुसऱ्या गोष्टीत वापरतात. चंद्रगुप्ताच्या दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थेनीस म्हणतो की इथे युद्ध चालू असतानाही शेजारी शेतकरी निर्धास्त नांगरत असतो. तसं कुठे घडलंही असेल. पण शत्रूची पिकं उद्ध्वस्त करायचा महिना सांगणारा अर्थशास्त्र त्याच परंपरेतला आहे, तेव्हा परक्या वकिलाचं ते एक वाक्य घेऊन प्राचीन भारतात युद्धाची झळ शेताला लागत नव्हती असं शिकवणं बरोबर नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. खेचराचं ओझं, माणसाचा शिधा, घोड्याचा दाणा हे आपण आजच्या किंवा एकोणिसाव्या शतकातल्या लष्करांवरून धरतो. त्या काळची माणसं काटक होती, घोडी लहान होती, चराई जास्त होती. हे मान्य करायलाच हवं, आणि म्हणून या हिशेबातून फौजेचा नेमका आकडा कधीच निघत नाही. निघते ती वरची मर्यादा. शिधा अर्धा केला तरी पन्नास लाखांचे दोन लाख होण्याला धक्का लागत नाही. फौजा लुटीवर जगत, हे दुसरं उत्तर. जगत, खरंच. पण लुटायला आधी कुणीतरी पिकवलेलं असावं लागतं, ते सुगीनंतर आणि पेवात लपवलं जाण्याआधी मिळावं लागतं, आणि फौजेला रोज नवं गाव गाठावं लागतं. लूट हा शब्द रसदीच्या हिशेबातून सुटण्यासाठी वापरला जातो, तेव्हा त्या हिशेबाची दुसरी बाजू, म्हणजे त्या गावचं पुढचं वर्ष, कुणी लिहीत नाही.

यासाठी शाळेत नवा विषय नको आणि वेगळं पुस्तकही नको. प्राचीन लढाईचा धडा असेल तिथे आकड्याशेजारी तो कुणी, किती वर्षांनी सांगितला ते छापावं. बाणांनी हल्ल्याची दिशा दाखवणाऱ्या नकाशावर कोठारं, नद्या आणि बंदरंही दाखवावीत. स्वाध्यायात एक प्रश्न असावा: फौज एवढी, माणशी धान्य एवढं, मधली गावं एवढी, तर ती किती दिवस एका जागी राहू शकेल? सातवी-आठवीच्या मुलाला हा गुणाकार सहज येतो. आणि चतुरंग सेनेच्या चित्राखाली पाचवी ओळ विष्टीची असावी, अर्थशास्त्रातल्या तिच्या कामांसह.